मॉन्ट्रियलची 'न्यूरो': मेंदू-संशोधनाची एक संस्था आणि ती चालवणारी माणसं

चैत्रपालवी (धागाकर्ती)

अपस्मारावरच्या (फिट्स येण्याच्या आजारावरच्या) धाग्यात परवा कुणीतरी विचारलं होतं की मेंदूचं ऑपरेशन चालू असताना पेशंटला जागं कसं ठेवतात. उत्तरं देताना दोघांतिघांनी मॉन्ट्रियलचं नाव घेतलं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढते आहे.

मॉन्ट्रियल न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूट, तिथल्या लोकांच्या तोंडी नुसतीच 'न्यूरो'. मॅकगिल विद्यापीठाची संस्था, १९३४ पासून चालू. माझं काम मेंदूच्या एमआरआयची आकडेमोड करण्याचं आहे, त्यामुळे या संस्थेबद्दल हाताला लागेल ते मी अनेक वर्षं वाचत आले. त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. न्यूरो मोठी झाली ती तिच्या संस्थापकाच्या हातातल्या कौशल्यामुळे कमी आणि त्याने आपल्याहून वेगळं जाणणाऱ्या माणसांना शेजारी बसवलं म्हणून जास्त. पटत नसेल तर जरूर वाद घाला.

सुरुवात १९२८ पासून. मॉन्ट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयातले सर्जन एडवर्ड आर्चिबाल्ड यांना मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी माणूस हवा होता. त्यांनी न्यूयॉर्कहून वाइल्डर पेनफिल्ड यांना बोलावलं. पेनफिल्ड तेव्हा ३७ वर्षांचे. ऑक्सफर्डला चेतासंस्थेचे अभ्यासक शेरिंग्टन यांच्या हाताखाली शिकलेले आणि १९२४ साली माद्रिदला जाऊन रिओ-ओर्तेगा यांच्याकडून मेंदूतल्या ग्लिया पेशी (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) रंगवायची पद्धत आत्मसात केलेले. सर्जनने स्पेनमध्ये जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या रंगवत बसणं त्या काळी अजिबात रूढ नव्हतं. मॉन्ट्रियलला येताना त्यांनी आपले सहकारी विल्यम कोन यांनाही बरोबर आणलं. शिवाय कामावर रुजू होण्याआधी काही महिने जर्मनीत ब्रेस्लाऊला ओटफ्रिड फोर्स्टर यांच्याकडे काढले. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना मेंदूतल्या व्रणामुळे झटके येत. फोर्स्टर फक्त जागेवरची भूल देऊन, विजेच्या सौम्य प्रवाहाने मेंदूचा पृष्ठभाग चाचपून तो व्रण काढत. पेनफिल्ड हे तंत्र तिथे शिकले.

मॉन्ट्रियलमधल्या पहिल्याच हिवाळ्यात, डिसेंबर १९२८ मध्ये, त्यांच्या समोर टेबलावर त्यांची सख्खी बहीण रूथ होती. मेंदूत गाठ. पेनफिल्डनी तिच्या उजव्या फ्रंटल लोबचा (कपाळामागच्या, मेंदूच्या पुढच्या भागाचा) मोठा भाग काढला. ती त्यातून उठली, घरी गेली, मुलाबाळांत रमली. साधारण सव्वा वर्षाने तिने एका पाहुण्यासाठी आणि घरच्या चौघांसाठी जेवण करायचं ठरवलं. जेवायची वेळ झाली तेव्हा ती स्वयंपाकघरात होती, सगळं सामान समोर होतं, एक-दोन पदार्थ शेगडीवर होते, पण सॅलड व्हायचं होतं, मांसाला हातही लागला नव्हता आणि एकटीने इतका वेळ धडपडून ती गोंधळून गेली होती. बोलणं नीट, आठवण नीट, स्वभाव नीट. फक्त पाच गोष्टी ओळीने लावून तडीस नेणं जमेना. गाठ पुन्हा वाढली, बॉस्टनला नामवंत मेंदू-सर्जन हार्वी कुशिंग यांनी दुसरं ऑपरेशन केलं, तरी १९३१ मध्ये ती गेली. १९३५ साली पेनफिल्डनी फ्रंटल लोबवर जो शोधनिबंध लिहिला त्यात या स्वयंपाकाची नोंद आहे. फ्रंटल लोबचं काम काय, हे इतकं नेमकं सांगणारं दुसरं टिपण माझ्या वाचनात नाही. आणि ते सर्जनला शस्त्रक्रियागृहात मिळालेलं नाही, ते घरात मिळालं. ऑपरेशननंतर माणूस रोजच्या जगण्यात कसा वागतो हे बघायला दुसऱ्या प्रकारचे जाणकार लागतात, हे तिथून पुढे त्यांच्या प्रत्येक निवडीत दिसतं.

पैसा उभा करणं सोपं नव्हतं. रॉकफेलर फाउंडेशनने पहिल्या खेपेला दाद दिली नाही. नंतर तिथे ॲलन ग्रेग वैद्यकीय विभागाचे प्रमुख झाले, १९३१ मध्ये ते स्वतः मॉन्ट्रियलला आले, आणि १९३२ मध्ये १२,३२,६५२ डॉलर मंजूर झाले. त्यातले दहा लाख कायमस्वरूपी निधी म्हणून, उरलेले इमारतीसाठी. ऐन महामंदीत! क्यूबेकचं प्रांतिक सरकार आणि मॉन्ट्रियल शहर यांनीही वार्षिक मदत कबूल केली. २७ सप्टेंबर १९३४ ला संस्था उघडली, समारंभाचं भाषण कुशिंग यांचं होतं. त्याच वर्षी मूळचे अमेरिकन असलेले पेनफिल्ड ब्रिटिश प्रजाजन झाले. (कॅनडाचं वेगळं नागरिकत्व तेव्हा नव्हतं.)

इमारतीची कल्पनाच नवी होती. पेशंटच्या खाटा, ऑपरेशन थिएटर आणि प्रयोगशाळा एकाच छताखाली. न्यूरॉलॉजिस्ट एका रुग्णालयात, सर्जन दुसऱ्या, संशोधक विद्यापीठात, अशी वाटणी त्यांना मोडायची होती.

मग माणसं. १९३७ साली डोनाल्ड हेब हा तरुण मानसशास्त्रज्ञ फेलो म्हणून आला. फ्रंटल लोबचा मोठा भाग काढलेल्या पेशंटची बुद्धिमत्ता चाचणी घेतली तर गुण फारसे घसरत नाहीत, हे त्याला तिथे दिसलं आणि तो चक्रावला. त्या कोड्याचा पाठलाग करतच तो १९४९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथापर्यंत पोहोचला. चेतापेशी एकत्र उद्दीपित झाल्या की त्यांच्यातलं नातं घट्ट होतं, ही आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वर्गातही शिकवली जाणारी कल्पना तीच. १९३८ मध्ये ब्राउन विद्यापीठातून हर्बर्ट जॅस्पर आले, तेही मूळचे मानसशास्त्रज्ञ. कवटीवरून ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) काढून झटक्याचं उगमस्थान सांगता येतं यावर पेनफिल्डचा आधी विश्वास नव्हता. जॅस्परनी जागा सांगितल्या, पेनफिल्डनी कवटी उघडून पाहिलं, जागा बरोबर निघाल्या. त्यानंतर जॅस्परना अख्खी प्रयोगशाळा मिळाली आणि ते ऑपरेशन चालू असताना थेट मेंदूवरून ईईजी घेऊ लागले. १९५४ चा अपस्मारावरचा ग्रंथ दोघांच्या नावावर आहे. के. ए. सी. एलियट यांच्या रसायनशाळेत १९५७ साली मेंदूला आवर घालणारा घटक म्हणजे गॅबा हे ओळखलं गेलं. आज झटक्यांवरची कितीतरी औषधं गॅबावर काम करतात.

आणि १९५० मध्ये हेब यांची विद्यार्थिनी ब्रेंडा मिलनर पीएचडीच्या कामासाठी न्यूरोत आली. तिच्याबद्दल प्रतिसादांत लिहीन, नाहीतर हा धागा तिच्यावरच संपेल.

संचालकांची यादी थोडक्यात: पेनफिल्ड १९६० पर्यंत, मग थिओडोर रासमुसेन १९७२ पर्यंत, विल्यम फाइंडेल १९८४ पर्यंत, नंतर डोनाल्ड बॅक्स्टर, रिचर्ड मर्फी, डेव्हिड कोलमन (२०११ मध्ये पदावर असतानाच वारले) आणि २०१३ मध्ये आलेले जनुकशास्त्रज्ञ गी रुलो. पहिले तिघे सर्जन. पुढे खुर्ची न्यूरॉलॉजिस्ट आणि प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांकडे गेली. मेंदू-संशोधनाचं केंद्र शस्त्रक्रियेकडून रेणूंकडे आणि जनुकांकडे कसं सरकलं ते या यादीत दिसतं.

---

मेपलपान

वा, चैत्रपालवी! मी मॉन्ट्रियलकर, म्हणून थोडी भर. न्यूरो माउंट रॉयलच्या उतारावर, युनिव्हर्सिटी स्ट्रीटवर आहे. रस्त्याच्या पलीकडे रॉयल व्हिक्टोरिया, आणि दोन्ही इमारतींना जोडणारा पूल रस्त्यावरून जातो. पेशंट बाहेरच्या बर्फात न जाता पलीकडे नेता यावा म्हणून. २०१५ मध्ये रॉयल व्हिक शहराच्या दुसऱ्या भागातल्या नव्या संकुलात गेलं. न्यूरो जुन्या जागीच राहिली.

जुन्या प्रवेशदालनात एक शुभ्र पुतळा आहे, विज्ञानासमोर आपला पडदा दूर करणारी निसर्गदेवता. मूळ शिल्प फ्रेंच शिल्पकार बारियास यांचं, ही प्रतिकृती. छतावर ग्लिया पेशींची नक्षी आहे. माद्रिदला शिकलेली विद्या पेनफिल्डनी छतावर नेऊन ठेवली, म्हणा ना.

इथल्या शाळकरी पोरांनाही पेनफिल्ड माहीत असतात, पण ते टीव्हीवरच्या एका मिनिटाच्या लघुपटामुळे. त्यात ऑपरेशन टेबलावरच्या बाईला पाव करपल्याचा वास येतो.

---

जुनाजाणता

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

भारताचा दुवा राहून गेला, तो मी जोडतो. केरळचे जेकब चांडी चाळीसच्या दशकात मॉन्ट्रियलला पेनफिल्डकडे शिकले आणि १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांनी भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला. तोवर आपल्याकडे मेंदूची कवटी उघडायची तर जनरल सर्जनच ते काम करत. १९५२ साली वेल्लोरला अपस्मारावरची शस्त्रक्रियाही झाली. आपल्या मुंबईत न्यूरोसर्जरीची पायाभरणी करणाऱ्यांत डॉ. राम गिंडे यांचं नाव येतं. तेही पेनफिल्ड आणि कोन यांच्याच हाताखाली तयार झालेले, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला परत आलेले. म्हणजे न्यूरो उघडून वीस वर्षं व्हायच्या आत तिथली पद्धत वेल्लोर आणि मुंबईत पोहोचली होती.

पेनफिल्डनी फेलो म्हणून जगभरातून तरुण डॉक्टर घेतले, हे संस्था बांधण्याचंच काम होतं. शिकलेली माणसं आपल्या गावी परत गेली पाहिजेत, असा त्या काळचा शिरस्ता होता आणि बहुतेक गेलीही.

---

मृगजळ

माझ्या धाकट्या भावाला सहाव्या वर्षापासून फिट्स येतात. तीन औषधं चालू आहेत तरी महिन्यातून एकदा तरी येतेच. आता डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी तपासण्या करू म्हटलंय. घरी सगळे घाबरलेत, आई तर विषयच काढू देत नाही. जागेपणी कवटी उघडतात हे ऐकूनच तिचा धीर सुटला. कोणी जरा समजेल असं सांगेल का? दुखत नाही का?

---

ओपीडीतून

मृगजळ, मी न्यूरॉलॉजिस्ट आहे. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा. निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाही. वेदना होते ती डोक्याच्या त्वचेला, कवटीवरच्या आवरणाला आणि मेंदूभोवतीच्या पडद्याला, तिथे इंजेक्शनने भूल देतात. आज कवटी उघडताना बहुधा झोपेचं औषध दिलेलं असतं, मधल्या टप्प्यापुरतं जागं करतात आणि नंतर पुन्हा झोपवतात. आणि जागेपणी ऑपरेशन प्रत्येकाला लागत नाही. काढायचा भाग बोलण्याच्या किंवा हात हलवण्याच्या केंद्राजवळ असेल तरच लागतं. कित्येकांचं पूर्ण भुलीतच होतं. आईंना हे आधी सांगा.

जागं का ठेवायचं, तर बोलण्याचं केंद्र प्रत्येकात थोडं वेगळ्या ठिकाणी असतं. पेनफिल्ड विजेची बारीक कांडी टेकवत, पेशंट काय म्हणतो ते ऐकत, आणि त्या जागेवर कागदाचं चिमुकलं अंक छापलेलं तिकीट ठेवत. अंगठा हलला, ओठाला मुंग्या आल्या, चित्राचं नाव सांगता आलं नाही, असं प्रत्येक तिकिटापुढे लिहून घेत. नाव सांगता न आलेली जागा सोडून सुरी चालायची. १९३७ साली बोल्डरी यांच्याबरोबर त्यांनी याच नोंदींतून प्रसिद्ध 'होमुन्क्युलस' काढला, शरीराचा कोणता भाग मेंदूत कुठे ते दाखवणारा, मोठे ओठ आणि मोठा अंगठा असलेला माणूस. चित्र काढलं होतं श्रीमती कँटली यांनी.

तपासण्यांतही न्यूरोचा हात आहे. मेंदूचा एक अर्धा भाग औषधाने काही मिनिटं झोपवून भाषा आणि स्मरण कोणत्या बाजूला आहे ते पाहण्याची वाडा चाचणी: जुन वाडा यांनी ती जपानमध्ये शोधली आणि पन्नासच्या दशकात न्यूरोत येऊन रासमुसेन यांच्याबरोबर पक्की केली. आता फंक्शनल एमआरआयमुळे तिची गरज बरीच कमी झाली आहे. रासमुसेन यांचं नाव आम्हाला दुसऱ्या कारणाने रोजचं आहे: लहान मुलांच्या मेंदूच्या एकाच बाजूला येणारी ती चिवट सूज त्यांनी १९५८ मध्ये वर्णिली, तिला आजही रासमुसेन एन्सेफलायटिस म्हणतात.

---

मृगजळ

मनापासून आभार डॉक्टर. आईला वाचून दाखवलं. "प्रत्येकाला जागं ठेवत नाहीत" हे तिने दोनदा वाचायला लावलं.

---

घाटवाट

मला या गौरवगाथेत एक मोठी पोकळी दिसते. मॉन्ट्रियल, मॅकगिल आणि मेंदू म्हटलं की मला पन्नासच्या दशकातले सीआयएचे पैसे आणि माणसांवरचे भयंकर प्रयोग आठवतात. तेही याच टेकडीवर झाले. त्याबद्दल एक ओळ नाही? आणि पेनफिल्ड उघड्या मेंदूला वीज लावून पेशंटला "काय दिसतं, काय ऐकू येतं" विचारत होते, हे उपचार होते की कुतूहल?

---

मेपलपान

घाटवाट, प्रश्न रास्त आहे, पण संस्था वेगळी. ते घडलं ॲलन मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये. ती मॅकगिलची मानसोपचार संस्था, रेव्हन्सक्रॅग नावाच्या जुन्या वाड्यात, न्यूरोपासून चढावर पायी जाण्याइतक्या अंतरावर. तिचे संचालक युएन कॅमेरॉन, १९४३ ते १९६४. पेशंटना अनेक दिवस औषधाने झोपवून ठेवणं, नेहमीपेक्षा कितीतरी पट विजेचे झटके, एकच वाक्य ध्वनिफितीवरून हजारो वेळा ऐकवणं. १९५७ ते १९६० या काळात सीआयएने एका बनावट संस्थेमार्फत पैसे दिले. साध्या नैराश्यासाठी आलेल्या बायका स्वतःच्या मुलांना न ओळखता घरी गेल्या. १९९२ मध्ये कॅनडा सरकारने ७७ जणांना प्रत्येकी एक लाख डॉलर दिले. बाकीच्यांची कुटुंबं पुढेही कोर्टात लढत राहिली.

---

चैत्रपालवी

घाटवाट, तुमचा प्रश्न टाळायचा नाही. दोन्ही संस्था एकाच विद्यापीठाच्या, दोन्ही रॉयल व्हिकशी जोडलेल्या, दोन्हींच्या स्थापनेत रॉकफेलरचा पैसा. म्हणूनच ही तुलना माझ्या मुद्द्याच्या मुळाशी जाते. कॅमेरॉन यांच्या संस्थेत संचालकाच्या उपचारपद्धतीला आतून अडवणारं कोणी नव्हतं. न्यूरोत पेनफिल्डच्या ऑपरेशनचा निकाल तपासण्याचं काम दुसऱ्याच विद्येची माणसं करत होती, आणि त्या माणसांनी त्यांना नको असलेली उत्तरंही दिली.

इथेच मिलनर येते. डाव्या टेंपोरल लोबची (कानाजवळच्या भागाची) शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटच्या ती चाचण्या घेत होती. बहुतेकांना शब्द लक्षात ठेवायला थोडा त्रास व्हायचा, तेवढंच. पण दोघांचं काहीतरी भलतंच झालं, एक इंजिनियर आणि एक हातमोजे कापणारा कारागीर. बुद्धी शाबूत, बोलणं शाबूत, पण नवीन घडलेलं काही टिकेना. सकाळी भेटलेला माणूस दुपारी अनोळखी. शस्त्रक्रिया एकाच बाजूची, मग असं का? मिलनर आणि पेनफिल्ड यांनी तर्क केला की या दोघांचा दुसऱ्या बाजूचा हिप्पोकॅम्पस (टेंपोरल लोबच्या आतला, स्मृतीशी जोडलेला भाग) आधीपासूनच खराब असणार. म्हणजे ऑपरेशनने उरलेला एकमेव चालता हिप्पोकॅम्पसही गेला. हा तर्क १९५५ मध्ये शिकागोच्या परिषदेत मांडला. पुढे तो इंजिनियर वारला तेव्हा शवविच्छेदनात उजवा हिप्पोकॅम्पस जुन्या इजेने आक्रसलेला निघाला.

आपल्या हातून दोन माणसांची स्मृती गेली, हे त्या काळच्या नामवंत सर्जनने परिषदेत उभं राहून सांगणं सोपं नव्हतं. ते सांगितल्यामुळेच हार्टफर्डचे सर्जन स्कोव्हिल यांनी संपर्क साधला: आपल्याकडेही असा एक पेशंट आहे. तोच एच. एम., हेन्री मोलेसन. (त्याचं ऑपरेशन मॉन्ट्रियलला झालं असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. ते चूक आहे, ते १९५३ मध्ये हार्टफर्डला झालं.) मिलनर मॉन्ट्रियलहून त्याच्याकडे जात राहिली. आरशात बघून चांदणी गिरवायला तो दिवसेंदिवस सफाईने शिकला, पण आपण हे आधी केलं होतं हे त्याला आठवेना. कौशल्याची स्मृती वेगळी आणि घटनांची वेगळी, हे तिथे सिद्ध झालं. २०१४ चा काव्हली पुरस्कार तिला मिळाला, वयाच्या ९६ व्या वर्षी.

कुतूहल की उपचार? दोन्ही होतं, असं माझं मत. वीज लावणं उपचारासाठी गरजेचं होतं, त्यावाचून बोलण्याची जागा कळली नसती. त्या वेळी विचारलेले काही प्रश्न मात्र निव्वळ ज्ञानासाठी होते. आणि पेनफिल्डना पूर्ण निर्दोष मी ठरवणार नाही. चाळीसच्या दशकात त्यांनी मोजक्या मनोरुग्णांच्या फ्रंटल लोबच्या वळ्या काढण्याच्या शस्त्रक्रिया केल्याच.

---

ओपीडीतून

+१. एक लोकप्रिय गैरसमज याच ठिकाणी खोडतो. "मेंदूत सगळ्या आठवणी फितीसारख्या साठवलेल्या असतात, पेनफिल्डनी वीज लावून त्या वाजवून दाखवल्या" असं फॉरवर्ड दर वर्षी फिरतं. पेनफिल्ड आणि पेरो यांनी १९६३ मध्ये स्वतःच आकडे दिले आहेत. एकूण १,१३२ पेशंट, त्यांपैकी ५२० जणांच्या टेंपोरल लोबला वीज लावली, आणि गाणं ऐकू येणं, ओळखीचा प्रसंग दिसणं असा अनुभव आला ४० जणांना. म्हणजे शंभरात आठसुद्धा नाहीत. त्यांतले अनुभव खऱ्या आठवणी होत्या की स्वप्नासारखी सरमिसळ, यावर अजून वाद आहे. पेनफिल्ड स्वतः फितीच्या कल्पनेकडे झुकले होते. त्यांच्याच संस्थेतल्या पिएर ग्लोर वगैरे पुढच्या पिढीने तिला मुरड घातली.

---

कोयनाकाठ

धागा वाचताना एक नाव सारखं पायऱ्यांवरच राहिल्यासारखं वाटलं. विल्यम कोन यांचं पुढे काय झालं? बरोबर आणलेला माणूस संचालक का नाही झाला?

---

चैत्रपालवी

कोयनाकाठ, या प्रश्नाची मी वाट बघत होते आणि उत्तर लिहायला जड जातंय.

पेनफिल्डना संस्थेत 'चीफ' म्हणत आणि कोनना 'बॉस'. चीफ दौऱ्यावर, परिषदांत, युद्धकाळात थेट सोव्हिएत रशिया आणि चीनमध्ये. वॉर्ड चालायचा तो बॉसच्या जिवावर. कोन रात्री-अपरात्री पेशंटच्या खाटेशी असत, परिचारिकांची कामंही स्वतः करत. मानेचं हाड मोडलेल्यांसाठी कवटीला पकडणारे चिमटे त्यांनी तयार केले. शोधनिबंध कमी लिहिले. मे १९५९ मध्ये, पेनफिल्ड निवृत्त व्हायच्या वर्षभर आधी, संस्थेतल्याच आपल्या कार्यालयात त्यांनी आयुष्य संपवलं. कारणांवर मी अंदाज बांधणार नाही. पण एवढं म्हणेन की अशा संस्थांच्या इतिहासात लिहिणाऱ्याचं नाव राहतं आणि रात्री जागणाऱ्याचं पुसट होतं. त्याच वर्षी फाइंडेल यांनी न्यूरोत नवी संशोधन प्रयोगशाळा सुरू केली, तिला कोन यांचं नाव दिलं.

जाता जाता आणखी एक नाव: आयलीन फ्लॅनगन. १९३४ पासून १९६१ पर्यंत परिचारिका विभागाच्या प्रमुख. जागेपणीच्या ऑपरेशनमध्ये तासन्‌तास पेशंटशी बोलत राहणं, त्याचा हात धरणं हे तंत्र परिचारिकांनी घडवलं. पेनफिल्डनी आपल्या आत्मचरित्राचं नाव 'एकटा कोणीच नाही' अशा अर्थाचं ठेवलं ते योग्यच होतं. ते त्यांच्या निधनानंतर, १९७७ मध्ये आलं.

---

जुनाजाणता

कोन यांचं माहीत नव्हतं. सुन्न झालो.

फाइंडेल यांच्याबद्दल थोडं लिहा ना. संस्थापकानंतरची दुसरी-तिसरी पिढी संस्था कशी सांभाळते हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे संस्थापक गेला की संस्थेची पाटी उरते, अशी उदाहरणं गावोगाव आहेत.

---

चैत्रपालवी

जुनाजाणता काका, फाइंडेलनी एक गोष्ट वेळेवर ओळखली: कवटी न उघडता मेंदू बघता येण्याचे दिवस आले आहेत. कॅनडातला पहिला सीटी स्कॅनर १९७३ मध्ये त्यांनी न्यूरोत आणला. पुढे पेट स्कॅन आणि एमआरआय, आणि १९८४ मध्ये प्रतिमांकनाचं वेगळं केंद्र. ते स्वतः सर्जन होते. सर्जनच्या सुरीची मक्तेदारी कमी करणाऱ्या यंत्रांवर सर्जन संचालकाने पैसा लावला, ही दुसऱ्या पिढीची मोठी गोष्ट. त्या केंद्रातून ॲलन इव्हान्स यांचं मेंदूच्या नकाशांचं काम उभं राहिलं, रॉबर्ट झटोरे यांचं संगीत ऐकणाऱ्या मेंदूवरचं काम झालं. आवडत्या सुरावटीच्या उत्कट क्षणी मेंदूत डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन स्रवतं, हे २०११ मध्ये तिथे दाखवलं गेलं.

रुलो यांच्या काळातला मोठा निर्णय २०१६ चा. टॅननबॉम कुटुंबाची दोन कोटी डॉलरची देणगी आली आणि न्यूरोने जाहीर केलं की आमचा विदा (डेटा), नमुने, साधनं सगळ्यांना खुली राहतील आणि पाच वर्षं प्रयोग म्हणून शोधांची पेटंटं घेणार नाही. एवढ्या मोठ्या संस्थेने असं करणं विलक्षण होतं.

---

कोयनाकाठ

पेटंट सोडण्याबद्दल माझा आक्षेप नोंदवतो. मी औषध कंपन्यांच्या कामात आहे. पेटंट नसलेल्या रेणूवर चाचण्यांचा खर्च करायला कोणी सहजी पुढे येत नाही. खुलं ठेवलं म्हणजे पेशंटपर्यंत पोहोचलं असं होत नाही.

---

ओपीडीतून

कोयनाकाठ, मुद्दा मान्य, पण अल्झायमर आणि पार्किन्सनमध्ये आपण अजून रेणूपर्यंत पोहोचलेलोच नाही. चार प्रयोगशाळा तीच चूक गुपचूप करत बसतात. त्या टप्प्यावर माहिती वाटून घेतली तर वेळ वाचतो. पेटंटचा प्रश्न पुढे, गोळी बनवताना येतो.

---

घाटवाट

ॲलन मेमोरियलबद्दलचं उत्तर पटलं, आभार. आता एक शेवटचा प्रश्न. हे सगळं कॅनडातल्या पेशंटवरचं. आपल्या मेंदूंशी याचा थेट संबंध काय? म्हणजे तिथली प्रमाणं इथे लागू होतात का?

---

चैत्रपालवी

थेट संबंध आहे, आणि तो माझ्या रोजच्या कामातला आहे. दोन माणसांचे मेंदू आकाराने वेगळे, मग "इथे हालचाल दिसली" हे दोघांत सारखं कसं सांगायचं? त्यासाठी एक प्रमाण मेंदू लागतो. आधी तो तालैराक यांच्या नकाशातला असायचा, एका वयस्क फ्रेंच बाईच्या एकाच मेंदूवर बेतलेला. नव्वदच्या दशकात इव्हान्स यांच्या गटाने आधी ३०५ आणि मग १५२ निरोगी माणसांच्या एमआरआयची सरासरी काढली. तो 'एमएनआय १५२' (एमएनआय ही न्यूरोच्या इंग्रजी नावाचीच आद्याक्षरं) आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात, पुण्यामुंबईतही. २०१३ मध्ये याच गटाने जर्मनीतल्या युलिशच्या संशोधन केंद्राबरोबर एका ६५ वर्षांच्या बाईच्या मेंदूचे ७,४०४ काप जोडून 'बिगब्रेन' हा त्रिमित नकाशा केला. तोही सगळ्यांना खुला आहे.

पण ते १५२ जण बहुतांशी तरुण आणि युरोपीय वंशाचे. सरासरी भारतीय मेंदू आकाराने त्याहून थोडा लहान भरतो, त्यामुळे आपला स्कॅन त्या साच्यात बसवताना ताणावा लागतो आणि बारीक भागांत चूक शिरते. हिप्पोकॅम्पस आक्रसला आहे का, असल्या प्रश्नात ही चूक महागात पडते. म्हणून हैदराबादच्या आयआयआयटीने तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेबरोबर १०० भारतीय तरुणांच्या स्कॅनवरून भारतीय मेंदूचा नकाशा केला, २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात वयस्कांचा गट नाही, आणि स्मृतिभ्रंशाच्या तपासणीला नेमका तोच लागतो. मृगजळ, तुमच्या भावाच्या तपासण्या झाल्या की कळवा. एमआरआयच्या अहवालात काही अडलं तर ओपीडीतून यांच्याबरोबर मीही समजावून सांगायचा प्रयत्न करेन.